चौथ्या शीटवरची वाट

२६ एप्रिल १९८९, बुधवार

साहेबांना आज मशीन शिकवलं! मी! आयटीआयला दोनदा ट्रेसिंग फाडून मास्तरांच्या शिव्या खाल्लेली मी, आणि शेजारच्या खुर्चीत हैबतराव साहेब, चष्मा कपाळावर चढवून, शाळेतल्या पोरासारखे. अख्ख्या मुळशीत जमीन मोजायची म्हटली की यांचं नाव निघतं. भूगावात खाली ऑफिस, वर घर. कॉम्प्युटर आणला तेव्हा गावातली माणसं चपला काढून बघून गेली. पण चालवता येतो मला एकटीला. साहेबांनीच पुण्याला पाठवून शिकवून आणलं. एरवी म्हणतात, "मला त्यातलं काय बी कळत न्हाई, हसिनाताई. तुमीच त्याच्या मालकीण." आज स्वतःहून म्हणाले, दाखवा तरी एकदा.

फाइल उघडायची कशी, सेव्ह करायची कशी, झूम कसं करायचं — सगळं दाखवलं. मग रेघा. आमची साधी रीत आहे. पायवाट म्हणजे तुटक रेघ. बांध किंवा कुंपण म्हणजे सलग रेघ. हद्द म्हणजे रेघ-टिंब-रेघ. हाताने काढताना डोकं लागत नव्हतं, पेन टेकव, उचल, टेकव, उचल. मशीनला मात्र एक आकडा द्यावा लागतो, तुकडे केवढे पाडायचे त्याचा. लाइनटाइप स्केल म्हणतात. अख्ख्या जागेचं मोठं शीट असेल तर आकडा मोठा. एकेका तुकड्याचं बारीक शीट असेल तर लहान.

"आन मोठा आकडा बारक्या शीटवर ऱ्हायला तर?"

करून दाखवलं. सरळ लांब हद्दीला फारसं काही होत नाही. पण वाट नागमोडी असते, म्हणजे छोटी छोटी वळणं जोडलेली. आकडा मोठा झाला की रेघेचा एकेक तुकडा वळणापेक्षा लांब होतो, मग मधे फट पडायला जागाच राहत नाही. सगळी सलग! "बघा साहेब," मी म्हटलं, "झालं वाटेचं कुंपण!"

दोघंही हसलो. रोजा असून आज तहान जाणवली नाही.

२९ एप्रिल, शनिवार

कोळवणचं काम हातात आलं. मुंबईची कंपनी आहे, फार्महाऊस बांधणार. सात शीटं होतील. चौथं शीट उघडलं आणि मोजणीची आकडेवारी टाकता टाकता हात थांबला — अगं, ही तर उंबरवाडीची वाट! ओढा, मग तीन चिंचा, मग खडकाला वळसा घालून वर वाडी. अम्मा वाडीवाडीत बांगड्या भरायला जायची, लहानपणी तिच्या मागे बांगड्यांची पिशवी धरून किती वेळा चढले असेन.

दुपारी कंपनीची जीप आली. एकजण शीटवर बोट ठेवून म्हणाला, ही पायवाट दाखवायलाच हवी का? साहेबांनी माझ्यादेखत सांगितलं, "वाट हाय तर दावावीच लागंल. शिक्का माजा हाय त्या कागदावर." इतकं बरं वाटलं! अशा माणसाकडे काम करते मी.

घरी येऊन अम्माला सांगितलं. पेटीतल्या बांगड्या रंगावारी लावत होती. "माजी वाट? कागदावर?" म्हणाली. "चिंचा बी काडल्या का?" काढल्या म्हटलं. तीन गोल. खूश झाली.

३ मे, बुधवार

वैताग. सातही शीटांच्या फाइली पहिल्या मोठ्या शीटवरून पाडल्या. त्यामुळे त्याचा मोठा आकडा सगळ्यांत घुसून बसलाय. आता प्रत्येक फाइलीत जाऊन तो बदलायचा. पडद्यावर बघून कळत नाही, अख्खं शीट दिसत असताना तुटक रेघासुद्धा सलगच भासतात. कागदावर उतरेल तेव्हाच खरं. त्यात हे अमेरिकन मशीन, फाइलीची तारीख लिहिताना महिना आधी आणि दिवस नंतर! मागच्या महिन्यात मी यावरून केवढी घाबरले होते, मला वाटलं फाइल पुढच्या महिन्यातून आली.

दुसरं आणि तिसरं शीट झालं.

६ मे, शनिवार

आज चंद्र दिसणार म्हणून जीव सगळा एसटीकडे. चौथं, पाचवं, सहावं, सातवं, भराभर आकडे बदलले, सेव्ह, बंद. साहेब म्हणाले, "जावा आता. सोमवारी बी येऊ नगा. सण हाय तुमचा." आमच्या पौडला उतरले तर सगळी पोरं माळावर, माना वर!

दिसला.

७ मे, रविवार

ईद. नवीन हिरवा ड्रेस. अम्माने मला स्वतः बांगड्या भरल्या, काचेच्या, अगदी घट्ट मापाच्या. आज ऑफिसचं नाव नाही.

९ मे, मंगळवार

साहेबांना शीरखुर्मा नेला. दोन वाट्या खाल्ल्या, वर म्हणाले, अम्माला सांगा लई झ्याक झालाय.

सातही शीटं प्लॉटरवर, म्हणजे पेन धरून कागदावर रेघा काढणाऱ्या यंत्रावर काढली. एकेक फाइल उघड, काढ, बंद कर. सातवं निघेपर्यंत वीज जायची वेळ आली. कंपनीची जीप दारात उभी, हॉर्न वाजवतेय. शाई वाळली का तेवढं बघितलं, साहेबांनी शिक्के मारले, गुंडाळी केली, दिली. फाइलींची एक प्रत फ्लॉपीवर घेऊन कपाटात ठेवली. सुटले!

२० मे, शनिवार

अम्मा उशिरा आली. साडी गुडघ्यापर्यंत चिखलाची. उंबरवाडीच्या वाटेला तार घातलीय म्हणे, सिमेंटचे खांब रोवून. खालून पुलावरून, मग भाताच्या खाचरांतून वळसा घेऊन जावं लागलं. तिथला गडी म्हणाला, हितं वाट नव्हतीच कधी, जुनं कुंपण व्हतं, नकाशात हाय.

अम्मा त्याला हसली! "म्यां सांगितलं बायांना, बिलकूल भिऊ नगा. माज्या पोरीनं काडलीय वाट. तीन चिंचांसकट."

म्हटलं, बघते.

२१ मे, रविवार

ऑफिस बंद. सहा तारखेला चौथ्या शीटचा आकडा मी बदलला का? बदलला. बदललाच असणार. चंद्र आठवतो, एसटी आठवते, आकडा आठवत नाही.

२२ मे, सोमवार

चौथं शीट. आकडा — पहिल्या शीटचाच. मोठा.

कागदावर काढून पाहिलं. हद्द व्यवस्थित, रेघ-टिंब-रेघ. ओढा व्यवस्थित. आणि ओढ्यापासून वाडीपर्यंत, तीन चिंचांच्या कडेने, एक सलग, काळी, सुबक रेघ. कोपऱ्यात आमची सूची, सलग रेघ म्हणजे बांध किंवा कुंपण. कंपनीकडे गेलेल्या कागदावर तर वर साहेबांचा शिक्का.

लगेच आकडा बदलला, सेव्ह केलं. तुटक झाली. पण आता काय उपयोग? कागद तर गेला कंपनीकडे. तो ताज्या शाईच्या वासाचा कागद चुरगळून पिशवीत घातला आणि पौडच्या स्टँडमागे टाकून दिला. चोरासारखी इकडेतिकडे बघत! मालकीण म्हणे मशीनची. मशीनची मालकीण एका एसटीसाठी अख्ख्या वाडीची वाट बंद करून आली.

अम्माने विचारलं, बघितलंस का गं? म्हटलं, आज वीज नव्हती.

२४ मे, बुधवार

साहेबांना सांगितलं. दार लावून घेतलं आणि सांगितलं सगळं, नजर टेबलावर ठेवून. रडू नये म्हणून टेबलाची कड धरली होती, तरी रडलेच.

साहेब रागावले नाहीत. चहा मागवला. "व्हतं असं, हसिनाताई. मान्साच्या हातनं चूक व्हती. मी काय कुनाला बोलनार न्हाई. ऱ्हाता ऱ्हायला तुमचा प्रश्न — तुमी बी कुटं बोलू नगा. तुमचं नाव जाईल, लगीन व्हायचंय तुमचं. बाईला मशीनवर बसवली म्हणून लोक मलाच हसतील. मी बघतो कंपनीशी बोलून. सावकाशीनं."

पाया पडावंसं वाटलं. दुसऱ्या कुणी त्याच दिवशी हाकलून दिलं असतं. एवढ्या मोठ्या मनाचा माणूस, आणि त्याच्या शिक्क्यावर मी हा डाग लावला.

चहा तसाच ठेवून मशीनवर जाऊन बसले.

३० मे, मंगळवार

लिहवत नाही पण लिहिते.

उंबरवाडीच्या रंभाबाईंच्या नातीचं लग्न. चुडा भरायला अम्माच लागते तिथे, रंभाबाईंना, त्यांच्या सुनेला, सगळ्यांना तिनेच भरलेत. वळशाने जायचं तर उशीर झाला असता. म्हणून ती तारेखालून गेली. आधी पेटी सरकवली, मग स्वतः वाकली. पदर तारेत अडकला, पाय घसरला, आणि ती पेटीवरच पडली.

मनगट फाटलंय. दवाखान्यात टाके घातले. हे सगळं ती सांगत होती तेव्हा मी हळद-चुना, पाणी, काय काय करत होते. मग ती म्हणाली, "समद्या फुटल्या."

मी हातातलं भांडं खाली ठेवलं. अम्मा कधी हा शब्द उच्चारत नाही. बांगडी वाढवली म्हणायचं. अशुभ बोलायचं नाही, सवाष्णीच्या कानावर जायला नको. मी लहानपणी एकदा "फुटली" म्हटलं तर तोंडावर मारलं होतं तिने. इतकी वर्षं वाडीवाडीतून, उन्हातान्हातून, किती वाढवल्या असतील, पण हा शब्द नाही. आज म्हणाली.

नवरीला शेवटी दुसऱ्या कुणाच्या तरी हातून चुडा भरला.

२ जून, शुक्रवार

रंभाबाई पौडला आल्या होत्या. मामलेदार कचेरीत. वाडीच्या बायांनी मिळून अर्ज केला होता, वाट खुली करा. अम्माच्या भरवशावर! "नकाशात हाय, माजी पोरगी तितंच कामाला हाय," असं अम्मा चारचौघींत सांगून बसलेली.

कंपनीच्या माणसाने तिथे नकाशा उलगडला. सलग रेघ. मामलेदारांनी सूची वाचून दाखवली. पुढची तारीख बारा जून, सोमवार.

रंभाबाई आमच्या उंबऱ्यापर्यंत आल्या, आत आल्या नाहीत. अम्माला म्हणाल्या, "नूरजहाँ, न्हाई माहीत व्हतं तर न्हाई म्हणायचं. समद्या बायांत आमाला तोंडघशी कशाला पाडलंस गं?"

अम्मा पट्टी बांधलेला हात पदराखाली घेऊन उभी होती. मी आत, दाराआड. तिच्या जागी मला उभं राहायला हवं होतं आणि मी दाराआड उभी होते, स्वतःच्या अम्माची अब्रू जाताना ऐकत.

रंभाबाई गेल्यावर तिने मला विचारलं, "चिंचा तरी काडल्या व्हत्यास ना?"

५ जून, सोमवार

साहेबांना विचारलं, कंपनीशी बोललात का? "बोलतो. घाई करून कसं चालंल?" पाठीवर थोपटलं. मी "बरं साहेब" म्हटलं. किती गुणी मुलगी!

लाज वाटते. ऑफिसात वाटते, एसटीत वाटते, नमाजाला बसले की सर्वांत जास्त.

८ जून, गुरुवार

अम्माला सांगितलं.

तिच्या हाताची पट्टी बदलत होते, वर बघायची गरज नव्हती. आकडा, एसटी, चंद्र, सलग रेघ, साहेबांना सांगितलं ते, साहेबांनी गप्प बसायला सांगितलं ते. तिला आकड्याचं काही कळलं नसणार. पण पट्टी बांधून झाली तरी तिने हात माझ्या हातातच ठेवला.

मग म्हणाली, "मी चुडा भरते तवा एखादी वाढावली, तर ती कुनाची?"

म्हटलं, तुझी.

"माजी. बाईचा हात जाड असू द्या, तिनं हिसका दिलेला असू द्या. भरताना वाढावली तर भरनारीची. मी दुसरी भरते. लाजत बसत न्हाई आन तिच्यावर ढकलत बी न्हाई." मग, "सोमवारी मामलेदारापुढं उबी ऱ्हा. म्हण, माज्या हातनं वाढावली. दुसरी भरून दे."

मी म्हटलं, नोकरी जाईल. साहेबांचं नाव जाईल. त्यांनी मला मशीनवर बसवलं, अम्मा.

"बसवलं. खरं हाय," म्हणाली. आणि दिवा बारीक केला.

ती रागावली असती तर सोपं गेलं असतं. लाज अजून आहे. पण आज ती एका जागी आहे, सगळ्या अंगभर नाही.

९ जून, शुक्रवार

ठरलं. मामलेदारांपुढे बोलायचं. पण नुसतं तोंडाने सांगून कोण ऐकणार? चूक कशी झाली ते दाखवावं लागेल. माझ्या मशीनमधली फाइल मी त्या दिवशी दुरुस्त करून बसले, त्यात आता काही दिसणार नाही. पण नऊ मे रोजी घेतलेली फ्लॉपी कपाटात आहे. तिच्यात चुकीचं शीट जसंच्या तसं असणार. ते काढायचं, शेजारी बरोबर केलेलं शीट ठेवायचं, आणि आकडा दाखवायचा. साहेबांना आधी सांगेन, शिक्का त्यांचा आहे, मागून वार करायचा नाही. त्यांना वाईट वाटेल. माझ्यासारख्या पोरीला एवढं सांभाळून घेतलं आणि तिने असं केलं म्हणतील. म्हणू देत.

१० जून, शनिवार

साहेब कोळवणला गेले होते, कंपनीच्या जीपमधून. कपाटाची किल्ली माझ्याकडेच असते. फ्लॉपी घातली, फाइलींची यादी मागवली. यादीत प्रत्येक फाइल शेवटची सेव्ह केली त्या दिवसाची तारीख येते.

पहिली तीन शीटं, मी केली त्या त्या दिवशीची. पाचवं, सहावं, सातवं — ०५-०६-८९. सहा मे, शनिवार, एसटीची घाई.

चौथं — ०५-०७-८९.

महिना आधी, दिवस नंतर. चारदा वाचलं. सात मे. मी या पानांवर मागे जाऊन पाहिलं. हिरवा ड्रेस, घट्ट मापाच्या बांगड्या, ऑफिसचं नाव नाही. म्हणजे सहा तारखेला मी आकडा बदलला होता, आणि सात तारखेला कुणीतरी तो परत मोठा केला.

फाइल उघडायला, आकडा बदलायला, सेव्ह करायला मीच शिकवलं होतं साहेबांना. तारखेचं शिकवायचं राहिलं.

ही माझ्या हातून वाढवलेली नाही, अम्मा. ही फोडलेली आहे.

फ्लॉपी तिच्या पेटीत ठेवलीय, नवीन आणलेल्या हिरव्या बांगड्यांच्या खाली, पुठ्ठ्यात घालून. अम्माचा हात अजून बरा नाही. सोमवारी कचेरीत पेटी मी उचलून नेणार.